तुरुंगातून सुटलेल्या माणसाला संत्र्याच्या पॅकहाऊसमध्ये काम देताना

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेव्हापासून फळांची प्रतवारी करून ती पेट्यांत भरणाऱ्या एका पॅकहाऊसची चूक साऱ्या पट्ट्याच्या नावाला बट्टा लावू शकते. तरीही शिक्षा भोगून वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहातून किंवा मोर्शीच्या खुल्या कारागृहातून बाहेर आलेल्या माणसाला काम नाकारू नये, कारण हाताला काम मिळाले तरच त्याची सुटका खरी ठरते.

सर्वांत आधी एक फरक नीट समजून घ्यावा. अमेरिकेच्या १९३० च्या शुल्क कायद्यातील कलम ३०७ नुसार, संपूर्णपणे किंवा अंशतः कैद्यांच्या श्रमातून तयार झालेल्या परदेशी मालाला तेथे प्रवेश नाही. युरोपीय संघाचा सक्तीच्या श्रमाविरुद्धचा २०२४ चा नियमही डिसेंबर २०२७ पासून लागू होत आहे. म्हणून शिक्षा भोगत असलेल्या कैद्यांनी पिकवलेला किंवा हाताळलेला माल, त्यांना मजुरी मिळत असली तरी, निर्यातीच्या लॉटमध्ये मिसळू नये. पॅरोलवर आलेल्याची शिक्षा संपलेली नसते, हेही लक्षात ठेवावे. सुटून आलेला माणूस मात्र इतर मजुरांइतकाच स्वतंत्र आहे, आणि त्याला कामावर घेण्यात लपवण्यासारखे काही नाही.

खरा धोका आपल्या जुन्या सवयींत आहे. हंगामापूर्वी उचल द्यायची आणि ती फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवायचे, ही पद्धत १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कचाट्यात येते. आधार कार्ड किंवा बँकेचे पासबुक मालकाने स्वतःकडे ठेवणे, मजुरी अडवून ठेवणे, या गोष्टींकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सक्तीच्या श्रमाची लक्षणे म्हणून पाहते. सुटून आलेल्या माणसाजवळ बहुधा ना पैसा असतो ना पाठीशी कोणी, त्यामुळे तोच यात सर्वांत आधी सापडतो. कागदपत्रे पाहून, नक्कल ठेवून मूळ प्रत त्याच दिवशी परत करावी. मजुरी थेट त्याच्या खात्यात जमा करावी; खाते नसेल तर पहिल्या आठवड्यातच सोबत जाऊन उघडून द्यावे.

काम शिकवताना घाई करू नये. फळ ओढून तोडले की देठाजवळची साल फाटते आणि तेथूनच बुरशी शिरते. देठ लांब ठेवला तर क्रेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतो. कात्रीने देठ फळालगत कापायचा, दव वाळल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, हे दोन-तीन दिवस शेजारी उभे राहून दाखवावे. ज्याचा हात हलका, त्याला पुढे प्रतवारीच्या पट्ट्यावर घ्यावे.

नोंदवहीत प्रत्येक लॉटपुढे बाग, तोडणीची तारीख, शेवटच्या फवारणीची तारीख आणि त्या दिवशीच्या हजेरीपत्रकाचा क्रमांक लिहावा. हजेरीपत्रकात कोणाच्याही नावापुढे “माजी कैदी” असा शेरा मारू नये. तपासनीसाला हवा असतो तो मजुरीचा आणि मर्जीने काम केल्याचा पुरावा, माणसाचा भूतकाळ नव्हे. सुटकेच्या दाखल्याची नक्कल मालकाने कुलूपबंद फाइलमध्ये वेगळी ठेवावी, आणि हा माणूस शिक्षा भोगत असलेला कैदी तर नाही, असा थेट प्रश्न आला तरच, त्याची संमती घेऊन, ती दाखवावी.