पल्प मासिकाच्या एडिटरची कारकीर्द कशी उलगडायची

जुन्या अमेरिकन पल्प मासिकाच्या, म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या कथांच्या मासिकाच्या, एडिटरवर लिहायचं असेल ना, तर आधी त्याच्याबद्दलचे किस्से बाजूला ठेवा आणि सरळ अंक उघडा. बरेच अंक स्कॅन होऊन नेटवर आलेत.

एडिटर खुर्चीत बसला ती तारीख आणि मासिक खरंच त्याचं झालं ती तारीख या दोन वेगळ्या धरायच्या. आधीच्या माणसाने घेऊन ठेवलेल्या कथा संपवाव्या लागतात, लेखक जुनेच असतात, वरती मालक असतो. जॉन कॅम्पबेल 'अस्टाउंडिंग' या विज्ञानकथांच्या मासिकावर १९३७ च्या शेवटी आला, पण त्याचा काळ सुरू झाला म्हणून लोक बोट ठेवतात ते जुलै १९३९ च्या अंकावर! म्हणून एक साधा तक्ता करा, अंक, कथा, लेखक, नवा की जुना, आणि नवी नावं कुठल्या महिन्यापासून वाढली ते बघा. कंटाळवाणं काम आहे पण सगळं इथेच कळतं.

मग नकार बघा. माझ्या मते एडिटरची आवड छापलेल्यापेक्षा परत पाठवलेल्या कथांत जास्त दिसते. फार्न्सवर्थ राईटने 'वीअर्ड टेल्स' हे भय आणि अद्भुत कथांचं मासिक १९२४ ते १९४० सांभाळलं. भयकथा लिहिणाऱ्या लव्हक्राफ्टची एक लांबलचक कथा त्याने १९३१ मध्ये परत केली आणि ती १९३६ मध्ये 'अस्टाउंडिंग'मध्ये तीन भागांत आली, यावरून त्याला आजही नावं ठेवतात. पण त्याच लेखकाची दुसरी एक कथा आधी नाकारून नंतर घेतली आणि फेब्रुवारी १९२८ च्या अंकात छापली, ते पण त्यानेच. लव्हक्राफ्टची पत्रं छापून आलीत, त्यात हे सगळं सापडतं, दोन्ही बाजू वाचूनच मत बनवा.

पैशाचं थोडक्यात, शब्दामागे किती सेंट आणि कथा घेतल्यावर देत होते की छापल्यावर, एवढं शोधा, कारण चांगला लेखक आधी कुठे कथा पाठवणार ते त्यावर ठरायचं.

आणि माणूस विसरू नका. राईटला पार्किन्सन्स होता, पुढेपुढे तर पत्रावर सही करणंही जमेना, तरी तो अंक काढत राहिला. मार्च १९४० चा अंक त्याचा शेवटचा, जूनमध्ये तो गेला. नंतर डोरोथी मॅकिलरेथ आली ती १९५४ पर्यंत, तिच्यासाठी तोच तक्ता मे १९४० च्या अंकापासून पुन्हा सुरू करा.