काळा डुंगर करायचा तर दुपारपासून करा

गिरनार करून आलेली माणसं हमखास विचारतात, "आता कच्छचा दत्त कसा करायचा?" मी तीनदा जाऊन आलोय. 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो, त्यामुळे रस्ता आणि वेळ या दोन गोष्टी जरा जास्तच बघतो. देवाचं तुम्ही तुमचं बघा.

हा कच्छचा दत्त म्हणजे काळा डुंगर, कच्छमधली सगळ्यात उंच जागा. उंची म्हणाल तर 460 मीटरच्या आसपास. आपल्या सह्याद्रीत एवढ्या उंचीला कुणी विचारणार नाही, पण खाली कच्छचं रण एकदम सपाट, त्यामुळे माथ्यावरून नजर अडतच नाही.

आधी महिना ठरवा. पहिल्या वेळी मी दिवाळीच्या सुट्टीत गेलो आणि फसलो. पांढरं मीठ बघायला वर चढलो, तर खाली समुद्र पसरल्यासारखं पाणी! पावसाचं आणि खाडीचं पाणी पावसाळ्यात रणात शिरतं, ते आटायला महिने लागतात आणि मग मागे मीठ उरतं. दत्तजयंती उरकून निघा, फेब्रुवारी संपायच्या आत परत या. मार्चनंतर ऊन सोसत नाही.

मुंबईहून कच्छ एक्सप्रेस वांद्रे टर्मिनसवरून संध्याकाळी सुटते, सकाळी भुज. तिथून डुंगर साधारण 90 किलोमीटर. भुजलाच टॅक्सी ठरवा, आणि ठरवतानाच स्पष्ट सांगा की सूर्य बुडाल्यावर परत निघणार. नाहीतर चार वाजल्यापासून ड्रायव्हर घड्याळ दाखवतो. (मीही दाखवायचो.) स्वतःची गाडी असेल तर टाकी भुजलाच भरून घ्या.

वाटेत कर्कवृत्ताची पाटी लागते, तिथं फोटोला पाच मिनिटं द्या. पुढे भिरंडियारा. इथं रस्ता फुटतो: डावीकडे धोरडोचं पांढरं रण, सरळ गेलात तर खावडा आणि डुंगर. रणाचा परवाना लागतो, त्यामुळे प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

आता सगळ्यात मोठी चूक. टूरवाले धोरडोचा आणि डुंगराचा सूर्यास्त एकाच संध्याकाळी बसवायला बघतात. बसत नाही. डुंगरावर अर्धा तास फिरवून परत खाली पळवतात आणि माणूस दोन्हीकडे गाडीतच असतो. रणाला वेगळा दिवस द्या, धोरडो-होडकोकडे भुंग्यात (तिथल्या गोल मातीच्या झोपडीत) मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डुंगर गाठा. सकाळी लवकर जाण्यात मला तरी अर्थ दिसला नाही. दुपारच्या उन्हात मीठ आणि आभाळ एकच दिसतं. ऊन कललं की मिठाच्या कडा, पाण्याचे पट्टे, सरहद्दीकडे जाणारा लांबवरचा इंडिया ब्रिज नावाचा पूल असं एकेक वेगळं व्हायला लागतं. दुर्बीण असेल तर न्या. पलीकडे पाकिस्तानची हद्द. लष्कराच्या माणसांचे किंवा ठाण्याचे फोटो काढू नका.

पार्किंगपासून माथ्यापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत. उंटवाले मागे लागतात. आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात, तरी त्या दोनदा बसत, पाणी पीत चढल्या.

देऊळ दत्ताचं. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, इथं मान कोल्ह्यांचा. दत्तात्रेयांनी भुकेल्या कोल्ह्यांना "ले अंग" म्हणत स्वतःचं अंग देऊ केलं, अशी कथा सांगतात. त्याचंच पुढे "लोंग लोंग" झालं. आरतीनंतर पुजारी तसंच ओरडून ओट्यावर प्रसादाचा भात ठेवतात, दुपारी आणि संध्याकाळी. लांब उभं राहा, पोरांना गप्प बसवा. दुसऱ्या खेपेला आमच्या शेजारी कुणी मोबाइलवर गाणी लावली होती. एकही कोल्हा फिरकला नाही. तिसऱ्या खेपेला तीन आले, खाल्लं, गेले. आमच्या मंडळींनी तिथूनच हात जोडले.

डिसेंबरअखेर सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. वारा मात्र त्याआधीच कापायला लागतो, म्हणून कानटोपी आणि स्वेटर गाडीत न ठेवता अंगावर घ्या. मोबाइलला रेंज धड मिळत नाही. कुठं भेटायचं ते खालीच ठरवा.

उतरताना एका ठिकाणी गाडी आपोआप पळते म्हणतात, चुंबकीय डोंगर म्हणे. माझ्या मते तो साधा उतार आहे, डोळ्यांना नीट कळत नाही एवढंच. गंमत म्हणून गाडी न्यूट्रलला टाकू नका. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, ब्रेक तापवू नका.

आणि खाली आल्यावर वेग आवरा. बन्नी या गवताळ भागातल्या म्हशी रात्री चरायला बाहेर पडतात आणि पहाटे दूध द्यायला आपणहून परततात. काळ्या म्हशी, काळा डांबरी रस्ता, दिवे नाहीत. चाळीसच्या वर मी गाडी नेऊ दिली नाही, ड्रायव्हर कुरकुरला तरी. भिरंडियाऱ्याला थांबून मावा घेतला, त्याच म्हशींच्या दुधाचा, आणि पहिला तुकडा त्यालाच दिला.