छोट्या क्लबमधली जॅझ फ्लूट कशी ऐकावी

जॅझ फ्लूटची ओळख करून घ्यायची आहे असं कुणी म्हटलं, की मी स्टुडिओतला अल्बम सुचवत नाही, क्लबमधला सुचवते. स्टुडिओत फ्लूट गोड लागते, आणि नुसत्या गोडव्याला कान लवकर विटतो. क्लबमध्ये तिला आपली जागा मिळवावी लागते. एका हाताला ड्रम, समोर बोलणारी-पिणारी माणसं, आणि त्यातून वाट काढणारा एका माणसाचा श्वास. माझा जीव त्या श्वासात अडकला आहे.

सुरुवात फ्लूटवादक हर्बी मान यांच्या ‘ॲट द व्हिलेज गेट’पासून करा. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबात तो ध्वनिमुद्रित झाला. त्यातलं ‘कमिन होम बेबी’ लावा, आणि पहिल्या खेपेला फ्लूटकडे लक्षच देऊ नका. बास धरा. ही रचना बेन टकर यांची, आणि बासवरही तेच आहेत. ती चाल अंगात भिनली, की दुसऱ्या खेपेला फ्लूट कुठे बासवर टेकते आणि कुठे मुद्दाम मागे रेंगाळते, हे आपोआप कळायला लागतं. या वाद्यवृंदात पियानो नाही, हेही ध्यानात घ्या. त्याच्या जागी व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवायचं वाद्य, आहे. पियानोची भरगच्च साथ नसल्यामुळे मधल्या पट्टीत मोकळी हवा राहते, आणि फ्लूटला ओरडावं लागत नाही.

आवाज किती ठेवायचा? टाळ्यांवरून ठरवा. त्या शेजारच्या टेबलावरून आल्यासारख्या वाटल्या पाहिजेत. लांबच्या सभागृहातून आल्यासारख्या वाटल्या तर थोडा वाढवा. कानठळ्या बसल्या तर अर्थातच कमी करा.

आता श्वासाकडे या. खरी मौज इथे आहे. फ्लूटला रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, नसते. ओठांतून निघालेला हवेचा झोत तोंडाजवळच्या भोकाच्या कडेवर आदळतो, आत-बाहेर हेलकावतो आणि त्यातून सूर उभा राहतो. बरीचशी हवा सुराबाहेरच सांडते. खालच्या सप्तकात तर वाद्याचा आवाज इतका नाजूक असतो, की ड्रमवाल्याने काठ्या जोरात चालवल्या तर तो बुडून जाईल. म्हणून मायक्रोफोन ओठांच्या अगदी जवळ लागतो, आणि तो सुराबरोबर सगळंच उचलतो: फुंकरीची खरखर, जिभेचे ‘तु-कु’ असे आघात, भोकं झाकणाऱ्या किल्ल्यांची टकटक, दोन ओळींच्या मध्ये घाईने ओढलेला श्वास. पुष्कळांना हा दोष वाटतो. माझ्या मते हीच या रेकॉर्डिंगची श्रीमंती आहे. वादकाने वाक्य कुठे तोडलं, ते सुचलं म्हणून तोडलं की दम संपला म्हणून, हे तुम्हाला कळतं. यासाठी हेडफोन वापरा. बास ऐकायला मात्र स्पीकरच बरे.

फुंकताना गळ्यातून गाण्याची एक रीत आहे. गाण्याचा सूर आणि फ्लूटचा सूर एकमेकांवर घासले, की गुरगुर उमटते. रोलंड कर्क यांनी ही रीत फार ताकदीने वापरली. त्यांचा १९६४ मधला ‘आय टॉक विथ द स्पिरिट्स’ स्टुडिओतला असला, तरी कान तयार करायला उत्तम. तिथे ती गुरगुर ओळखायला शिका, मग क्लबच्या गलक्यातही ती सापडते.

यानंतरच एरिक डॉल्फी. घाई करू नका, पण टाळूही नका. १६ जुलै १९६१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये ते ट्रंपेटवादक बुकर लिटल यांच्याबरोबर वाजवत होते. त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमधल्या ‘लाइक समवन इन लव्ह’मध्ये डॉल्फी फ्लूटवर आहेत. क्लबचा पियानो बेसूर आहे, हे पहिल्या काही मिनिटांतच जाणवेल. फ्लूटवाल्याला ओठांचा कोन बदलून सूर किंचित चढवता-उतरवता येतो. तेव्हा डॉल्फी पियानोशी कुठे जुळवून घेतात आणि कुठे त्याला सोडून आपल्याच वाटेने जातात, यावर कान ठेवा. संपूर्ण तुकडा एका बैठकीत ऐका. मधून उडी मारली तर पुढची धिटाई कळणार नाही. बुकर लिटल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, वय अवघं २३. डॉल्फी १९६४ मध्ये, ३६ व्या वर्षी. ही माणसं एकत्र असताना कुणीतरी यंत्र चालू ठेवलं होतं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

शेवटी युसुफ लतीफ यांचा ‘लाइव्ह ॲट पेप्स’, फिलाडेल्फियाच्या पेप्स क्लबमधला, जून १९६४. एकच माणूस टेनर सॅक्सोफोन, ओबो (रीडचं एक फुंकवाद्य) आणि फ्लूट वाजवतो. ‘सिस्टर मॅमी’त तर चक्क शहनाई. प्रत्येक वेळी वाद्य बदललं की थांबा आणि स्वतःला विचारा, इथे हेच का घेतलं असेल? फ्लूट हातात आली की साथीदारांचे हात हलके होतात का, तेही पाहा.