काचेवरचं पाणी कुठलं?

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकलची दोन वर्षं पूर्ण करून मी वाईच्या एका गॅरेजला लागलो, तेव्हा जुलै चालू होता. वाई पसरणी घाटाच्या पायथ्याशी. घाट चढला की पाचगणी, पुढे महाबळेश्वर. तिकडे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात आणि खाली आमच्याकडे येणारी गाडी हमखास एकच तक्रार घेऊन येते: पुढची काच धुरकट होते, समोरचं दिसत नाही. घाटातल्या वळणावर काच पांढरी झाली की काय होतं, हे ज्यानं एकदा अनुभवलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. म्हणून मी ही तक्रार कधीही किरकोळ धरत नाही. या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांनीही धरू नये.

माझी पहिलीच केस चुकली होती. पाचगणीजवळ स्ट्रॉबेरीची शेती असलेले एक काका डिझेल गाडी घेऊन आले. म्हणाले, "गरम हवा लावली की काच दुधासारखी होते बघ." मी शाळेत शिकलेलं आठवलं. एसी हवा कोरडी करतो, मग एसीच कमी पडत असणार. गेज लावले, प्रेशर जरा कमी दिसलं, गॅस भरला, बिल दिलं. चौथ्या दिवशी काका परत दारात. रागावले नाहीत, पण म्हणाले, "पोरा, काल घाटात खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी खाली आणली." त्या वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं नाही की ओरडले नाहीत. गाडी चालू केली, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काचेकडे वळवली आणि माझ्या हातात एक कोरा टिश्यू पेपर दिला. "काच आतून पूस. मग कागद नाकाशी धर." मी पुसलं. काच स्वच्छ व्हायच्या ऐवजी तेलाचं बोट फिरवल्यासारखी फराटे पडून चमकायला लागली. कागदाला काकवीसारखा गोडसर वास होता. मिस्त्री म्हणाले, "हे पावसाचं पाणी नाही. इंजिनचं पाणी आहे. हीटरच्या कोरमधनं झिरपतंय."

त्या दिवसापासून धुरकट काचेसमोर उभा राहिलो की मी आधी एकच प्रश्न विचारतो: हे पाणी कुठलं? पाना नंतर.

कारण असं आहे की नुसत्या गरम हवेनं काच धुरकट होत नाही. उलट गरम हवा जास्त बाष्प धरून ठेवते. दहा अंशाला एक घनमीटर हवेत साधारण 9 ग्रॅम पाणी मावतं, पंचवीस अंशाला 23 ग्रॅम. हीच भरलेली गरम हवा गार काचेला टेकली की जास्तीचं पाणी काचेवर बसतं. म्हणजे हीटर लावल्यावर काच पांढरी होत असेल, तर एक तर हीटर स्वतःच पाणी आणतोय, नाहीतर गाडीत कुठेतरी आधीच साठलेलं पाणी तो तापवून हवेत सोडतोय. तिसरी शक्यता म्हणजे माणसांच्या श्वासातलं पाणी बाहेर जायला वाटच नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं शोधणं सोपं होतं.

गिऱ्हाईक आलं की घाई न करता विचारायचं. काच कधी पांढरी होते? गाडी चालू केल्या केल्या, की इंजिन तापल्यावर? सकाळी दार उघडताना काच आधीच आतून ओली असते का? पायाखालचं मॅट ओलं लागतं का? कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, मधूनमधून भरावं लागतं का? इंजिन गार असताना ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, चालवला तर काही होत नाही, आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला की काच पांढरी, असं असेल तर पहिला संशय हीटर कोरवर. रात्रभर उभ्या गाडीत सगळ्याच काचा आतून ओल्या, असं असेल तर मॅटखाली पाणी शोधायचं.

त्याआधी एक बारकी गोष्ट. बोट फिरवून बघायचं की दव आत आहे का बाहेर. पावसाळ्यात एसी जोरात लावून हवा काचेकडे वळवली की काच इतकी गार होते की बाहेरच्या बाजूला दव धरतं. ते वायपरनं जातं, आणि हवा जरा कमी गार केली की परत येत नाही. अशा गाडीत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. तरीही अशा गाडीत मी नव्या पोरांना डॅशबोर्डच्या स्क्रूला हात घालताना पाहिलंय.

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनमधून तापून आलेलं कूलंट त्यातून फिरतं आणि ब्लोअरची हवा त्यावरून जाऊन गरम होते. त्याला बारीक भोक पडलं की कूलंटची वाफ सरळ काचेवर येते. कूलंटमधलं पाणी उडून जातं आणि इथिलीन ग्लायकॉल काचेवर राहतं, म्हणून तो तेलकट थर. पक्कं करायला इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या बाटलीवर मार्करनं रेघ मारा, दोन दिवस गाडी चालवू द्या, परत गार असतानाच बघा. पातळी खाली गेली आणि इंजिनच्या बाजूला कुठे ओल नाही, तर डाव्या सीटपुढचं मॅट उचलून खालच्या फोमवर वर्तमानपत्र दाबा. कागदावर हिरवट किंवा गुलाबी डाग आला तर प्रश्नच मिटला. तरीही काम सांगण्याआधी प्रेशर टेस्टर लावाच. रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेवढंच प्रेशर द्यायचं, बहुतेक गाड्यांत ते एक बारच्या आसपास असतं. पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरतोय आणि बाहेर थेंब नाही, म्हणजे पाणी आत चाललंय. इंजिनच्या आतही जाऊ शकतं, हेडगॅस्केटमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या सांध्यातल्या पट्टीतून. म्हणून सायलेन्सरचा पांढरा धूर आणि ऑइलचा रंगही त्याच वेळी बघून घ्या.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका, आतलं पाणी शंभर अंशाच्या वर तापलेलं असू शकतं आणि केवळ दाबामुळे उकळत नसतं. आणि कूलंट जिभेला लावू नका. काही जुने लोक बोट लावून चव बघतात, "गोड लागलं म्हणजे कूलंट" म्हणतात. ते विष आहे, किडनी निकामी करतं. काढलेलं कूलंट ट्रेमध्ये उघडं ठेवलं तर गॅरेजपाशी फिरणारं कुत्रं ते गोड म्हणून चाटतं आणि मरतं. ते त्याच दिवशी झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

आता बाकीची पाणी. एसीच्या कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली पडतं. नळी चिखलानं किंवा पानांच्या भुग्यानं तुंबली की पाणी आतच साठतं आणि हीटर लावला की वर येतं. तपासायला दमट दिवशी एसी पंधरा मिनिटं चालवून गाडीखाली वाकून बघायचं. थेंब पडत नसतील तर नळी हलक्या हवेनं साफ करा. जोराची हवा मारलीत तर सांधा आतल्या आत सुटतो. हे पाणी स्वच्छ असतं, वास आला तर कुबट येतो, गोड नाही. आमच्या भागात अजून एक जागा बघावीच लागते, ती म्हणजे वायपरखालची जाळी. पाचगणीच्या गाड्या सिल्व्हर ओकखाली उभ्या असतात, पानं त्या जाळीत भरतात, पावसाचं पाणी वाहून जायची वाट बुजते आणि ते ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं. मी एकदा मूठ मूठ करून तिथून टोपलीभर पाचोळा काढला होता. दुसरं काहीही न बदलता ती गाडी बरी झाली.

आणि एक केस तर फोनवर सुटली. डिसेंबरात वाईचं एक कुटुंब स्वतःच्या गाडीनं मनालीला गेलं होतं. रात्री फोन आला, आवाजात भीती होती. "पाच जण आहोत, हीटर लावलाय, काच सारखी पांढरी होतेय, पुढे घाट आहे." मी विचारलं, "दादा, गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण आहे ना, त्या बटणाचा दिवा लागलाय का?" लागला होता. आपल्याकडे धूळ नको आणि एसी लवकर गार व्हावा म्हणून ते बटण बारा महिने दाबलेलं असतं. त्यानं आतलीच हवा फिरत राहते. पाच माणसांचा श्वास, ओले बूट, ओल्या टोप्या, सगळं पाणी आत कोंडलेलं. मी म्हटलं, बटण बंद करा, बाहेरची हवा घ्या, हवा काचेकडे, हीटर गरमवर, आणि एसीचं बटणही लावा. "हीटर आणि एसी दोन्ही?" ते चकितच झाले. हो, दोन्ही. हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाते, तिथे पाणी सोडते, मग हीटर कोरवरून गरम होऊन काचेवर येते. शून्याच्या जवळपास थंडी असेल तर एसीचा कंप्रेसर चालू होणारही नाही, पण तिथे बाहेरची हवाच इतकी कोरडी असते की तिनंही भागतं. आमच्या घाटात मात्र पावसात बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली, तिथे एसीशिवाय काच नीट साफ होत नाही. पाच मिनिटांनी त्यांचा परत फोन आला, मागे लहान मुलीच्या हसण्याचा आवाज येत होता.

काकांच्या गाडीकडे परत येतो. कोर बदलायचा म्हणजे त्या गाडीत पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा. दोन दिवसांचं काम. आधी बॅटरीची वायर काढून थांबायचं, कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये करंट काही वेळ राहतो. किती वेळ, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. कूलिंग कॉइल आणि कोर एकाच डब्यात असल्यानं गॅस मशीननं काढून घ्यावा लागला. मिस्त्रींनी मला अंड्यांचे दोन रिकामे ट्रे आणायला पाठवलं. प्रत्येक खळग्यात एका जागेचे स्क्रू, खाली पेनानं जागेचं नाव. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी मोबाईलवर फोटो. ही सवय मी आजही सोडलेली नाही. डॅशबोर्ड परत बसवल्यावर हातात एक स्क्रू उरला, तर ती गाडी पुढे वर्षभर खडखडते आणि गिऱ्हाईक तुम्हाला नावं ठेवतं.

जुना कोर बाहेर आला. ॲल्युमिनियमचा, एका कोपऱ्यात पांढरी भुकटी जमलेली आणि तिच्याखाली टाचणीच्या टोकाएवढं भोक. काकांनी तीन वर्षं बोअरचं पाणी भरलं होतं. कूलंटचं काम फक्त गोठू न देणं एवढंच, आणि आपल्याकडे काही बर्फ पडत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात, आपल्याकडे खरी गरज त्यांचीच. क्षाराचं पाणी ॲल्युमिनियम खातं. हे गिऱ्हाइकाला जुना कोर हातात देऊनच दाखवा, तोंडानं सांगितलेलं राहत नाही. गॅसचे पैसे मिस्त्रींनी स्वतःहून बिलातून वजा केले. मला न विचारता, माझ्यासमोर.

नवीन कोर बसवण्याआधी सगळी लाइन दोन्ही बाजूंनी साध्या पाण्यानं धुतली. मग कंपनीनं सांगितलेलं कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. गार इंजिनवर झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून गाडी चालू ठेवायची, म्हणजे हवा बाहेर पडते. डॅशबोर्डमधून गुळगुळ आवाज येत असेल किंवा उभ्या गाडीत हीटर गार हवा देत असेल, तर आत हवा अडकली आहे, अजून थांबा. मॅटखालचा फोम बाहेर काढून सुकवा. वरून कोरडा लागला तरी तो आतून कित्येक दिवस ओला राहतो आणि दुरुस्त केलेली गाडी परत धुरकटते. काच आतून दोन-तीनदा क्लीनरनं पुसा, दर वेळी नवा कपडा घेऊन, कारण तो तेलकट थर एका हातात निघत नाही.

गाडी द्यायच्या दिवशी पहाटे मिस्त्री आणि मी ती पसरणीनं वर घेऊन गेलो. पाऊस होता, ढग रस्त्यावर होते. हीटर गरमवर, काच शेवटपर्यंत लख्ख. पाचगणीत काकांच्या दारात गाडी लावली, इंजिन गार होईपर्यंत चहा घेतला आणि बोनेट उघडून बाटलीवरची रेघ बघितली. कूलंट रेघेवरच होतं. काकांना सांगितलं, आठ दिवसांनी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, ही रेघ एकदा बघा आणि फोन करा.