दोन जादूपद्धती एकाच मोहिमेत आणताय? या चुका टाळा

टेबलावर बसून पात्रं खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात मोहीम म्हणजे अनेक सत्रं चालणारी कथा. तिथे मंत्र, मनोशक्ती, रून (जादुई चिन्हं) अशा वेगवेगळ्या विद्या एका जगात आणल्या की घोळ होतो तो बहुतेक वेळा दोन पद्धतींच्या सांध्यावर. म्हणून मोहीम सुरू होण्याआधी सांधे तपासा.

साठा भरण्याची वेळ न जुळवणे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम घ्या. त्यात मंत्र टाकला की एक 'स्लॉट' खर्च होतो; हे स्लॉट म्हणजेच पात्राचा साठा. वॉरलॉक या जादूगार वर्गाचे स्लॉट तासाभराच्या शॉर्ट रेस्टने (छोट्या विश्रांतीने) परत येतात. सॉर्सरर या दुसऱ्या वर्गाला स्लॉट मोडून पॉइंट मिळतात आणि पॉइंट देऊन नवा स्लॉट करता येतो. आता वॉरलॉकच्या ३ आणि सॉर्सररच्या २ पातळ्या असलेलं मिश्र पात्र बघा. त्याच्याकडे दुसऱ्या पातळीचे २ वॉरलॉक स्लॉट असतात. एक मोडला की २ पॉइंट, आणि २ पॉइंटांत पहिल्या पातळीचा एक स्लॉट. म्हणजे तासाला २ जादा स्लॉट आणि ८ तासांत १६! हे बनवलेले स्लॉट लाँग रेस्टला (रात्रीच्या लांब विश्रांतीला) नाहीसे होतात, म्हणून हे पात्र मुळी झोपतच नाही. उपाय सोपा आहे: वॉरलॉकच्या स्लॉटचे पॉइंट करायला सरळ बंदी घाला. तेवढं कडक नको असेल, तर २४ तास लाँग रेस्ट न घेणाऱ्याला थकव्याविरुद्ध कॉन्स्टिट्यूशनचा (शारीरिक दमाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायला लावा. लक्ष्य आधी १०, मग दर दिवशी ५ने वाढतं.

स्लॉटऐवजी पॉइंट देणे आणि मर्यादा विसरणे. पाचव्या पातळीच्या विझार्डचे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीचे स्लॉट अनुक्रमे ४, ३ आणि २. पर्यायी नियमाने त्याला त्याऐवजी २७ मंत्र-पॉइंट (सॉर्सररच्या पॉइंटांहून वेगळे) मिळतात. फायरबॉलसारखा तिसऱ्या पातळीचा मंत्र ५ पॉइंटांना पडतो. म्हणजे जिथे दोनच फायरबॉल निघायचे तिथे आता पाच निघतात, आणि शेजारी बसलेला स्लॉटवाला खेळाडू बघत राहतो. एकाच टेबलावर दोन्ही हिशेब ठेवायचे असतील, तर पॉइंटवाल्याला त्याच्या सर्वोच्च पातळीचे मंत्र दिवसाला ३ वेळाच वापरू द्या.

'मनोशक्ती ही जादू नाही' असं सहज बोलून जाणे. ऐकायला छान वाटतं. पण मग डिस्पेल मॅजिक, काउंटरस्पेल, अँटीमॅजिक फील्ड हे जादू मोडणारे-रोखणारे मंत्र, राक्षसांचा जादूविरोध, यातलं काहीच त्या पात्राला अडवत नाही. याच खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीत मूळ नियम म्हणूनच असा होता की दोन्ही एकमेकांना लागू पडतात. वेगळेपण हवंच असेल तर अर्धं ठेवा: डिस्पेल चालेल, पण परक्या विद्येवर नेहमी फासा टाकावा लागेल आणि लक्ष्य ५ने जास्त असेल. हे दोन्ही बाजूंना सारखं लावा.

कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवायला लागणारी एकाग्रता) मात्र सगळ्या विद्यांत मिळून एकच. रूनला सूट दिलीत तर तीन-तीन संरक्षणं एकावर एक चढतात.

चाचणीसाठी एका दिवसात तीन लढाया आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट खेळून बघा. प्रत्येक लढाईनंतर कोणाकडे किती साठा उरला ते लिहा. तिसऱ्या लढाईनंतरही मिश्र पात्राकडे अर्ध्याहून जास्त उरलं, तर साठा भरण्याची वेळ चुकली आहे. मोहीम सुरू झाल्यावर लक्षात आलं, तर ऐन लढाईत नियम बदलू नका. दोन सत्रांच्या मधे खेळाडूला सांगा आणि पात्र नव्याने मांडायची मोकळीक द्या. त्याने ते नियमातच बसवून केलं होतं.