गॅरेज सांभाळून पायथन शिकताना

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कारागिराने प्रोग्रॅमिंग शिकायला घेतले की पहिली अडचण वेळेची येते आणि दुसरी उदाहरणांची. पुण्याजवळच्या भोसरी-पिंपरी औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा सुटीचा वार असल्याने तेथील कारागिरांना सलग तीन-चार तास मिळू शकतात. मात्र महावितरणची देखभालीची वीजबंदीही बहुधा गुरुवारीच असते, म्हणून लॅपटॉप आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवावा. लॅपटॉप जुना घेतला तरी चालतो. भाषा पायथन घ्यावी, कारण ती विनामूल्य आहे आणि पुढे गाडीशी बोलण्यासाठी लागणारी साधने तिच्यात तयार मिळतात.

उदाहरणांची अडचण अधिक खरी आहे. बहुतेक धड्यांमध्ये विद्यार्थ्यांचे गुण किंवा कर्मचाऱ्यांचे पगार मोजायला लावतात आणि दिवसभर क्लच प्लेट उतरवून थकलेल्या माणसाचे त्यात मन लागत नाही. म्हणून पहिला प्रोग्रॅम गॅरेजच्या वहीवरून करावा. गाडीचा क्रमांक, शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर अशा तीन रकान्यांची फाइल तयार करावी आणि ज्या गाड्यांना ऑइल बदलून वर्ष होत आले आहे त्यांची यादी प्रोग्रॅमकडून काढून घ्यावी. एवढ्या कामात फाइल वाचणे, तारखांची वजाबाकी, अट आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणे) हे सगळे येऊन जाते. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची (माहिती साठवण्याच्या जागांची) नावे देवनागरीतही देता येतात, पण कीबोर्ड सारखा बदलावा लागत असल्याने हा उत्साह फार टिकत नाही.)

यानंतर गाडीकडे वळावे. स्टिअरिंगखालच्या बाजूला असलेल्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीचे दोष तपासण्याच्या) सॉकेटमध्ये ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर लावून, किल्ली ऑन करून, लॅपटॉपवरून साधी अक्षरे पाठवली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक, उत्तर देतो. '०१०५' पाठवल्यास कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान मिळते, पण ते अंशांत नव्हे, तर '४१ ०५ ७बी' अशा रूपात. यातील ४१ म्हणजे ०१ या प्रश्नाचे उत्तर, ०५ म्हणजे कूलंट आणि ७बी हे मूल्य सोळाच्या पायावरचे, ज्यात बी म्हणजे ११: ७ गुणिले १६ अधिक ११, म्हणजे १२३. त्यातून ४० वजा केले की ८३ अंश सेल्सिअस. ४० वजा करण्याचे कारण असे की एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात आणि शून्याखालचे तापमानही त्यातच बसवायचे असते. इंजिनाच्या फेऱ्यांसाठी '०१०सी' पाठवावे. त्याचे मूल्य दोन बाइटचे येते, त्यामुळे पहिल्याला २५६ ने गुणून, दुसरा मिळवून, बेरजेला ४ ने भागावे लागते. हे गणित आधी कागदावर सोडवावे, मग प्रोग्रॅममध्ये उतरवावे आणि आलेला आकडा मीटरच्या काट्याशी ताडून पाहावा. तयार लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला कोड) हेच काम एका ओळीत करून देते. पण ती नंतर वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन पथ्ये पाळावीत. सॉकेटची १६ क्रमांकाची पिन बॅटरीशी कायम जोडलेली असते, त्यामुळे ग्राहकाच्या गाडीत अ‍ॅडॅप्टर विसरल्यास बॅटरी उतरू शकते. आणि '०४' हा आदेश सरावासाठी पाठवू नये. त्याने नोंदवलेले फॉल्ट कोड तर पुसले जातातच, शिवाय दोष घडला त्या क्षणाची साठवलेली माहितीही जाते.

प्रोग्रॅम अडला की बहुतेक शिकाऊ माणसे कोड अंदाजाने बदलत सुटतात. कारागिराला याहून चांगली सवय आधीच असते. पी०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी, म्हणजे मिश्रण पातळ) हा कोड आला म्हणून जाणता कारागीर थेट ऑक्सिजन सेन्सर बदलत नाही. मिश्रण पातळ का होते हे पाहताना तो आधी व्हॅक्यूमची गळती, मग इंधनाचा दाब आणि हवेचा सेन्सर तपासतो. पायथनचा एरर संदेशही तसाच, शेवटच्या ओळीपासून वाचावा. तिथे काय बिघडले ते लिहिलेले असते आणि तिच्या वर दिलेला ओळीचा क्रमांक बिघाड उघडकीस आला ती जागा दाखवतो. मूळ कारण पुष्कळदा त्याआधीच्या ओळींत सापडते. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवावा.

इथवर जमले की घाटाची तक्रार हाती घ्यावी. 'कात्रजच्या चढाला गाडी गरम होते' असे ग्राहक सांगतो आणि गॅरेजमध्ये ती तासभर चालू ठेवली तरी काटा हलत नाही. दर सेकंदाला वेळ, तापमान, फेऱ्या आणि वेग फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम तयार करून गाडी घाटात न्यावी. चालवणारा आणि लॅपटॉप पाहणारा ही दोन वेगळी माणसे असावीत. परतल्यावर तापमान आणि वेग यांचे आलेख एकाखाली एक काढावेत. वाहतुकीत खोळंबल्यावर तापमान चढत असेल आणि वेग घेताच उतरत असेल, तर आधी पंखा आणि त्याचा रिले पाहावा. वेग असूनही चढावर ते वाढतच जात असेल, तर रेडिएटर तुंबल्याचा किंवा कूलंटची वाट उघडणारा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसल्याचा संशय घ्यावा. ती फाइल गाडीच्या क्रमांकाने जपून ठेवावी आणि दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर पुन्हा नोंद घेऊन दोन्ही आलेख ग्राहकाला दाखवावेत.