लॅबमधून कोर्टात: दुसरा विषय शिकून वकिलीकडे वळायचं असेल तर

रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये मी सतरा वर्षं काढली. बीएस्सी केमिस्ट्री, लगेच नोकरी, मग लग्न आणि कळव्याला घर. वकिलीचा विचार डोक्यात आला तो आमच्या सोसायटीमुळे. बिल्डर कन्व्हेयन्स देत नव्हता, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करत नव्हता. मी सेक्रेटरी होते, आणि फ्लॅटमालकीच्या 1963 च्या मोफा कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरशिवायच ती मालकी मिळवण्याचा अर्ज करायचा होता. इंडेक्स टू, मंजूर नकाशा, सात-बारा, एकेका सभासदाचा करारनामा, अशी फाइल मी तीन महिने बसून लावली. आमच्या वकीलबाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, "ताई, हे काम तुम्हाला येतं. एलएलबी का करत नाही?" तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. 2017 मध्ये प्रवेश घेतला, 2021 मध्ये सनद, म्हणजे वकिलीचा परवाना मिळाला. आता लॅबमधल्या जुन्या मैत्रिणी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत भेटल्या की "आम्हालाही जमेल का गं?" म्हणून विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस रजा काढा आणि कोर्टात जाऊन बसा. ठाण्याचं जिल्हा न्यायालय कोर्ट नाक्यावर आहे, नवी मुंबईकरांना बेलापूरचं कोर्ट जवळ पडतं. सुनावणी खुली असते. मागच्या बाकावर शांत बसा, मोबाइल बंद ठेवा, कुणी हटकत नाही. सकाळी अकराच्या आत पोहोचा, बाहेर लावलेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी वाचा आणि पुकारा ऐका. मी गेले त्या दिवशी एक आजोबा कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून दीड तास बसले होते. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. पुढची तारीख पडली, दोन मिनिटांत सगळं आटोपलं. आजोबांना काय झालं ते कळलंच नाही. ते शिपायाला विचारत राहिले, "म्हणजे आता काय?" टीव्हीवरच्या उलटतपासणीपेक्षा वकिलाचा दिवस असल्या प्रसंगांनी जास्त भरलेला असतो. तारीख का पडली हे त्या माणसाला नीट समजावून सांगावंसं वाटलं, तर पुढचं वाचा. नुसता कंटाळा आला असेल तर तेही आजच कळलेलं बरं, तीन वर्षं वाचतील.

पात्रता सोपी आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते. गुण खुल्या गटाला 45 टक्के, ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. वयाची वरची अट नाही. माझ्या वर्गात निवृत्त बँक अधिकारीही होते. राज्याच्या सीईटी सेलची तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यावी लागते. कायद्याचं आकलन, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे तिचे भाग. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतात. नोकरी करणाऱ्याला रोजचं वर्तमानपत्र आणि तीन-चार महिने रोज दीड तास पुरतो. मी तो लोकलमध्ये आणि रात्री ओट्याशी काढला.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत कॉलेजांचा क्रम लावताना नावाइतकाच अंतराचा विचार करा. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज 1855 चं, त्याचा मान वेगळाच, पण तिथली जागा मिळायला गुणही तसेच लागतात. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं लॉ कॉलेज आहे, नेरूळ, बेलापूर, पनवेलकडेही पर्याय आहेत. अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजांच्या फीत मोठा फरक असतो, तो आधी बघा. पत्राने किंवा दूरस्थ पद्धतीने केलेली एलएलबी सनदेसाठी चालत नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

आता सगळ्यात अवघड भाग: नोकरी आणि हजेरी. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमाने प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते. 2024 पासून तर विद्यार्थी नोकरीत असेल तर ते जाहीर करायचं आणि मालकाचं ना-हरकत पत्र द्यायचं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने कॉलेजांना कळवलं आहे. "हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या," असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादाला लागू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलीला असाच शब्द मिळाला होता आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर तिचा फॉर्म अडला. वर्ष गेलं. ती भिवंडीहून येऊन जाऊन करायची. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

मी प्रवेशाआधीच लॅबच्या मॅनेजरांना भेटून कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली. सकाळी कॉलेज, दुपारी तीन ते रात्री अकरा लॅब. घरी पोहोचायला बारा वाजायचे. आईने तीन वर्षं माझी मुलगी सांभाळली म्हणून हे जमलं, ते लिहायलाच हवं. तुमच्याकडे असं कोण आहे, शिफ्ट बदलून मिळेल का, हे प्रवेशाची फी भरण्याआधी घरात आणि ऑफिसात मोकळेपणाने बोला.

पहिल्या सत्रात कामगार कायदे, करार, टॉर्ट (नुकसानभरपाईचे दिवाणी अपकृत्य) असे विषय होते. विज्ञानाच्या माणसाला सुरुवातीला लांबलचक उत्तरं लिहिणं जड जातं. गाइडवर न विसंबता बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर वाचायची सवय लावा. कलम म्हणजे व्याख्या, अट, अपवाद. प्रयोगाची कृती वाचतो तसंच वाचायचं. आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी लागू झाले आहेत, तेव्हा कुणाची जुनी पुस्तकं फुकट मिळाली तरी फौजदारीसाठी ती घेऊ नका.

जुना विषय मात्र टाकून येऊ नका. वकिलीत आल्यावर पहिलं वर्षभर मी केमिस्ट्रीचं नावही काढलं नाही, वाटायचं की आता ते संपलं. मग सीनियरकडे एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची एक केस आली. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात एमडी 50 ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण धरतात आणि जामीन फार कठीण होतो. पंचनाम्यात वजन 53 ग्रॅम. मी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल उघडला आणि सवयीने आधी वजनाचा रकाना पाहिला. 48 ग्रॅम. पंचनाम्यातलं वजन पुडीसकट होतं, लॅबने प्लास्टिक काढून मोजलं होतं. लॅबमध्ये हजारदा टेअर केलेल्या, म्हणजे भांड्याचं वजन वजा केलेल्या माणसाला हे दिसायला अर्धं मिनिट लागतं. सीनियरनी चष्मा काढून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि जामिनाचा अर्ज त्यावरच बांधला. त्या दिवसापासून ऑफिसातले सगळे अहवाल माझ्या टेबलावर येतात. कॉमर्सवाल्यांना कलम 138 च्या न वटलेल्या चेकच्या केसेस आणि जीएसटी, सिव्हिल इंजिनिअरना रेरा (बांधकाम प्रकल्पांचा कायदा) आणि पुनर्विकास, नर्सना वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस अशाच सोप्या जातील. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगच्या पदवीवर पेटंट एजंटची परीक्षाही देता येते, तिला एलएलबी लागत नाही. कोर्टाची ओढ नसलेल्यांनी तो रस्ता जरूर पाहावा.

सनदेच्या वेळी नोकरी सोडावीच लागते, वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होते. जुलै 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणीची फी खुल्या गटाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये आहे. माझ्या वेळी कितीतरी पट होती. मग ऑल इंडिया बार परीक्षा: 100 प्रश्न, खुल्या गटाला 45 टक्के. बेअर ॲक्ट नेता येतात, त्यांत काही लिहिलेलं चालत नाही. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे 2025 पासून किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे, वयाचा हिशेब त्याप्रमाणे करा.

पैशांचं स्पष्टच सांगते. मला ज्युनिअर म्हणून सुरुवातीला महिना सहा हजार मिळायचे. लॅबमध्ये चाळीसच्या वर होता पगार. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये शहरात ज्युनिअरला 20,000 द्यावेत अशी शिफारस केली आहे, पण ती शिफारसच आहे, पहिल्या भेटीत आकडा विचारून घ्या. मी दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवूनच राजीनामा दिला. सीनियर निवडताना मोठ्या नावापेक्षा तुम्हाला स्वतः अर्ज लिहू देणारा, पुरसिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) द्यायला एकट्याने पाठवणारा बघा. खालच्या कोर्टात मराठी चालते, तुमचं मराठी चांगलं असेल तर तिथे लवकर उभं राहता येतं.

एक शेवटचं, खास लग्न झालेल्या बायकांसाठी. माझी बीएस्सीची मार्कशीट माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. कागदपत्रं तपासताना अर्ज अडला, राजपत्रातली नोंद आणि विवाह प्रमाणपत्र यांत पाच आठवडे गेले आणि पहिली फेरी हातची गेली. सीईटीचा फॉर्म निघायची वाट न बघता आजच कपाटातून दहावीपासूनचे सगळे कागद काढा आणि प्रत्येकावरचं नाव, आडनाव, स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवून बघा.